देवाचे द्रव्य आणि गावाचा विश्वास

॥ श्री मारुती प्रसन्न ॥



जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी मंदिराचा इतिहास लिहून देण्याचे काम माझ्यावर सोपविले, तेव्हा आधी आनंद झाला आणि मागाहून घाम फुटला. तहसील कचेरीत कारकुनी करणाऱ्या, दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला कागद वाचता येतात, पण म्हणून तो इतिहासकार होत नाही. आपल्या मारुतीच्या देवळावर शिलालेख नाही, गावात ताम्रपट नाही, कोणा राजाची सनद नाही. वडीलधारी मंडळी सांगतात की ही मूर्ती समर्थांच्या हातची. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे हे खरे. परंतु आपल्या भागातील ज्या मारुतीला वय विचारावे तो समर्थांचाच निघतो. त्यामुळे ती गोष्ट मी श्रद्धेच्या खात्यावर जमा करतो आणि पुढे जातो.

माझ्याजवळ जे आहे ते निराळे आहे. देवाच्या जमिनीचा सातबारा, जुन्या पाहणीचे उतारे, वर्गणीच्या काही वह्या आणि एक पावतीपुस्तक. म्हणून देवळाचा नव्हे, तर देवाच्या पैशाचा इतिहास लिहावा असे ठरविले. समितीतील एकदोन जणांना हा विषय रुचला नाही. "देवाच्या पैशाचा कसला हिशेब? ज्याने खाल्ला त्याला मारुतीराया बघून घेईल," असे एकजण म्हणालेही. त्यांचा मान राखून सांगतो की मारुतीरायावर असा भार टाकण्याची रीत जुन्या काळीही नव्हती.

आमच्या मागच्या पिढ्यांत देवळाचा खर्च कसा चाले ते पाहा. वर्गणी नव्हती, पावती नव्हती, दानपेटी तर नव्हतीच. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्याबरोबरच गुरवाचा वाटा निघे. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मापला जाई. देवाच्या दिव्याला तेल कोणी घालावयाचे हे घराघराला ठरलेले असे. दिवा लागला नाही तर संध्याकाळी पारावर बसणाऱ्या कोणालाही दिसे आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्या कर्त्याला विचारणा होई. म्हणजे कागद नव्हता तरी हिशेब होता. फक्त तो सर्वांच्या डोळ्यांत लिहिलेला होता.

मात्र त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. ज्यांच्या खांद्यावर देवळाचे दगड आले, त्यातील कित्येकांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, तेव्हा ते उघडले. पुढे १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक देवळांत सर्व हिंदूंना प्रवेशाचा हक्क देणारा कायदा केला. ज्याच्याकडून घेतले त्यालाच बाहेर उभे केले, त्या काळाला विश्वासाचा काळ म्हणावयाचे ते जपूनच म्हटले पाहिजे.

राजेरजवाड्यांच्या देणग्यांची तऱ्हा निराळी होती. चाफळच्या श्रीरामाच्या पूजेअर्चेसाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७८ च्या सनदेने गावे आणि धान्य नेमून दिल्याचे सांगतात. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी (१७२५-१७९५) काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आपल्या जवळचे म्हणावे तर वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांचाच. त्यांच्याविषयी सांगण्यासारखी विशेष गोष्ट अशी की होळकरशाहीत दौलतीचे उत्पन्न आणि खासगीचे उत्पन्न ही खाती वेगळी होती, आणि बाईंचा दानधर्म चालला तो खासगीतून. राज्यकर्ती असूनही त्यांनी दोन थैल्या एक केल्या नाहीत. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर एका शीर्षाखालचा खर्च दुसऱ्या शीर्षाखाली टाकला नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या शहरातले, जे पूर्वी औरंगाबाद होते आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील पाणचक्की अनेकांनी सहलीत पाहिली असेल. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू व फकीर यांच्यासाठी दळण दळता यावे म्हणून अठराव्या शतकात दूरच्या डोंगरातून नळाने पाणी आणून त्याच्या जोरावर ही चक्की फिरवली. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली, तिला जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. म्हणजे मुसलमान दिवाण, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि आजूबाजूचे गोरगरीब मराठी लोक. जालना शहरातील गुरू गणेश तपोधामाची जैन मंडळी गोशाळा चालवितात. हे सर्व सांगण्याचे कारण इतकेच की धर्माच्या नावे दिलेल्या पैशातून पीठ दळणे, आजाऱ्याची शुश्रूषा, गुरांचा चारा ही कामे करण्याची आपल्या भागातली चाल कोणा एका धर्माची नाही.

आता थोडे निजामाच्या अमलाविषयी, कारण आपल्या देवाच्या जमिनीचे मूळ तेथे आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मंदिरे, मशिदी, दर्गे यांच्या देखरेखीसाठी संस्थानात 'उमूर-ए-मजहबी' नावाचे खाते होते. १३४९ फसलीत, म्हणजे १९४० च्या सुमारास, देवस्थानांच्या मालमत्तेविषयी स्वतंत्र नियमही झाले. नियम वाचावयास चांगले होते. परंतु नवे देऊळ बांधणे किंवा जुने दुरुस्त करणे यासाठी परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. १९३८-३९ साली हैदराबादेत आर्य समाजाने जो मोठा सत्याग्रह केला त्याच्या मुळाशी धर्माचरणावरील असल्याच अडवणुकी होत्या. देवळाची भिंत पडली तरी अर्ज उर्दूतून करावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. आपल्या मंदिराचा पडका सभामंडप तसाच राहिला होता तो याच कारणाने, असे माझे आजोबा सांगत.

निजामाच्या काळात देवस्थानाला दिलेल्या जमिनींचे मुख्य दोन प्रकार आमच्या दप्तरात आजही भेटतात. कोणा व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश, आणि देवाची किंवा दर्ग्याची सेवा करण्याच्या अटीवर दिलेली ती खिदमतमाश. खिदमत म्हणजे सेवा. सेवा चालू तोवर जमिनीचे उत्पन्न खावे, सेवा सुटली की हक्क सुटला, असा तो करार. त्याचा निवाडा होऊन जो दाखला मिळे त्याला मुंतखब म्हणत. अनेक घरांत हे कागद ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत, आणि उर्दू वाचणारा कोणी उरला नाही म्हणून ते कशाचे आहेत हेही घरच्यांना ठाऊक नसते. पुढे हैदराबाद राज्यात १९५२ चा अतियात चौकशी कायदा आला, नंतर इनामे नष्ट करण्याचा कायदा झाला. तथापि देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींना त्यात वेगळी वागणूक मिळाली. म्हणून त्या आजवर देवाच्या नावे टिकल्या. म्हणजे कागदावर तरी टिकल्या.

'कागदावर तरी' असे का म्हणतो ते सांगतो. कायद्याच्या दृष्टीने देव ही एक व्यक्ती आहे. त्याला मालमत्ता धारण करता येते, त्याच्या नावे दावा चालतो. परंतु तो कायमचा अज्ञान समजला जातो, अज्ञान म्हणजे अल्पवयीन. त्याचे हित दुसऱ्याने पाहावयाचे. ज्या मुलाचे वय कधीच वाढणार नाही त्याच्या पालकाला मोह पडणे किती सोपे आहे, हे सांगावयास नको. कित्येक ठिकाणी असे झाले की सातबाऱ्यावर आधी 'अमुक देव, वहिवाटदार तमुक' अशी नोंद होती. आजोबा गेले, वारसाचा फेरफार झाला, लिहिणाऱ्याने देवाचे नाव गाळले किंवा ते कंसात गेले, आणि नातवाच्या काळी जमीन घरची झाली. कोणी दरोडा घातला नाही. लेखणी थोडी घसरली, इतकेच. ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पुजारी हा देवाच्या जमिनीचा मालक नसून केवळ व्यवस्था पाहणारा आहे आणि मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे. या निकालाने नवे असे काही केले नाही, जुनीच गोष्ट ठणकावून सांगितली.

आपल्या गावापुरते सांगण्यास मला अभिमान वाटतो की मारुतीची साडेतीन एकर खिदमतमाश जमीन आजही मारुतीच्याच नावावर आहे. पुजाऱ्यांच्या घराण्याने ती पिढ्यानपिढ्या कसली, खाल्ली आणि पूजा चालविली. रस्ता रुंद झाल्यावर तिला भाव आला, गिऱ्हाइके आली, पण एक गुंठाही हलला नाही. या घराचे नाव देणगीदारांच्या यादीत मोठ्या आकड्यासमोर नाही. ते घर गरीब आहे. म्हणून त्यांची ही देणगी येथे नमूद करणे अगत्याचे वाटले.

यानंतर येतो १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. तो आधी जुन्या मुंबई राज्यापुरता होता, १९६० च्या एकीकरणानंतर मराठवाड्यालाही लागू झाला, आणि पुढे त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. तो आला तेव्हा धर्मात सरकारचा हात नको म्हणून मोठी ओरड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ साली रतिलाल गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की धार्मिक संस्थेच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियमन करता येते, पण तो कारभार त्या धर्माच्या लोकांच्या हातून सर्वस्वी काढून घेता येत नाही. त्या कायद्यातील एकदोन तरतुदी याच कारणाने रद्दही झाल्या. मला ही वाटणी न्याय्य वाटते. पूजा कशी करावी हे सरकारने सांगू नये, आणि पूजेच्या नावे जमलेले पैसे कोठे गेले हे विश्वस्तांनी लपवू नये.

या कायद्याने काय करावे लागते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मंदिराची नोंदणी या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने प्रथमच झाली आहे आणि पुष्कळांना ते सरकारी झंझट वाटते. देवस्थानाच्या स्थावर व जंगम मालमत्तेची, विश्वस्तांच्या नावांची नोंद धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत होते. विश्वस्त बदलला, वारला, जमीन मिळाली, काही फरक पडला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून जमीन विकता, गहाण टाकता वा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देतानासुद्धा परवानगी लागते. गैरव्यवहार सिद्ध झाला तर विश्वस्ताला काढता येते. आणि देवस्थानात हितसंबंध असलेल्या कोणाही गावकऱ्याला तक्रार करण्याचा हक्क आहे. यातील सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम कोणता, असे कोणी विचारले तर मी बदल अर्जाचा सांगेन. कागदावरचे पाच विश्वस्त स्वर्गवासी आणि कारभार पाहणारे पाच बिननोंदीचे, अशी देवस्थाने काही थोडीथोडकी नाहीत. भांडण होईपर्यंत कोणाचे काही बिघडत नाही. भांडण झाले की कायद्याने कारभारीच कोणी नाही असे निघते.

मोठ्या देवस्थानांचा इतिहास पाहिला तर विश्वास कसा गळतो हे दिसते. पंढरपूरला बडवे व उत्पात या सेवेकरी घराण्यांकडे विठ्ठल-रुक्मिणीचे वंशपरंपरागत हक्क होते. देवापुढे पडणारे उत्पन्न घेण्याच्या पाळ्यांचे लिलाव होत. वारकरी शेतकरी दीडदोनशे मैल चालत जावयाचा आणि तेथे त्याची गाठ आधी दक्षिणा मागणाऱ्या हाताशी पडावयाची. तक्रारी वाढल्या, तेव्हा शासनाने नाडकर्णी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम होऊन वंशपरंपरेचे हक्क रद्द झाले. कोर्टकज्जे सुरू झाले, १९८५ साली कारभार शासननियुक्त समितीकडे आला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. कायद्यापासून निकालापर्यंत चाळीस वर्षे! एकदा घसरलेली व्यवस्था रुळावर आणण्यास किती काळ जातो त्याचे हे माप आहे. तुळजापूरलाही दानपेटीचा लिलाव करण्याची पद्धत होती; १९९१ ते २००९ या काळातील त्या व्यवहारात देवीच्या दानाचा मोठा अपहार झाल्याच्या आरोपांची चौकशी होऊन ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. पेटीत काय पडेल ते कोणालाच ठाऊक नाही, आणि ती कोणाला तरी आधीच ठोक रकमेला देऊन टाकावयाची, ही पद्धत काढणाऱ्याचे डोके देवकार्यात नव्हते हे नक्की.

याउलट शेगाव. गजानन महाराजांच्या हयातीतच, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, तेथील संस्थानची स्थापना झाली. महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. म्हणजे महाराज असतानाच कारभार लोकांच्या हवाली झाला होता, त्यांच्या पश्चात वारसा कोणाचा ही कटकट उरली नाही. तेथे हजारो सेवेकरी पाळीपाळीने बिनपगारी सेवा करतात, १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, दवाखाने चालतात. महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शहागड, जालना, सिंदखेडराजा या वाटेने जाते, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी ती शिस्त डोळ्यांनी पाहिली आहे. ओळीत चालणारे वारकरी, आणि पालखी पुढे सरकली की मागे झाडून घेतलेली जागा. मला वाटते शेगावच्या दानपेटीत जो पैसा पडतो तो या झाडलेल्या जागेकडे पाहून पडतो.

आणि गाडगे महाराज (१८७६-१९५६). त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण राहिले कोणत्याही धर्मशाळेच्या मालकासारखे नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. १९५२ साली मिशन स्थापून सगळ्या संस्था विश्वस्तांकडे दिल्या. घरच्या माणसांसाठी त्यातील काही ठेवले नाही. लिहिता न येणारा हा साधू. पण विश्वस्त या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका स्वच्छ कोणाला कळला असेल असे वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातील एक घटना सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थ येथील राममंदिरातून समर्थांच्या घराण्यातील पूजेच्या पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या. सगळा जिल्हा हळहळला. ऑक्टोबर महिन्यात पोलिसांनी आरोपी धरून मूर्ती परत मिळविल्या. त्या काळात आमच्या कचेरीत आलेला प्रत्येक माणूस आधी मूर्तींचे विचारी आणि मग आपल्या कामाचे. तेव्हा माझ्या मनात आले, की मूर्ती गेली तर एका रात्रीत सर्वांना कळते. देवाची जमीन किंवा देवाचा पैसा गेला तर वीस वर्षे कळत नाही. आणि कधी कधी याच्या उलटही होते. पैसा जात नाही, पण गेला असे वीस वर्षे सगळे मानून चालतात. ते आपल्याच गावात झाले. ते लिहिण्याची परवानगी मी संबंधित कुटुंबाकडून घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे.

२००१ साली देवळाच्या शिखरासाठी वर्गणी काढली होती. सहा पावतीपुस्तके छापली, प्रत्येकी पन्नास पावत्यांची, आणि सहा तरुणांना वाटली. त्यात एक मी.  जमा झालेली रक्कम आम्ही आठवड्याला खजिनदारांकडे नेऊन देत होतो. त्यांनी पोच दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. घरचेच मानले. चौथरा बांधून झाला, नंतर पाऊस दगा देऊ लागला, वर्गणी थांबली, काम थांबले. मग पारावर कुजबुज सुरू झाली. पन्नास हजार जमले होते म्हणे. चौथऱ्याला कितीसे लागले असणार. खजिनदारांनी त्याच वर्षी घरावर पत्रे टाकले, ते कोठून? कोणी तोंडावर विचारले नाही, त्यामुळे त्यांना उत्तर देण्याचीही संधी मिळाली नाही. हळूहळू त्यांनी देवळात येणे सोडले. पुढच्या वर्षांत हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याची वर्गणी दोन ठिकाणी जमू लागली, आणि एका मारुतीचे दोन भंडारे झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात, जेव्हा जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि गाव टँकरच्या पाण्यावर आले, तेव्हा टँकर देवळाच्या विहिरीत रिकामा करून वाटप करावे असे ठरत होते. देवळाची समिती म्हटल्यावर अर्ध्या गावाने नकार दिला. म्हणून दोन टोकांना दोन टाक्या ठेवाव्या लागल्या, आणि बायकांना रांगेत उभे राहून भांडावे लागले. देवळाच्या विहिरीला चांगला काठ होता, सावली होती. ज्याच्यावर संशय होता तो माणूस २०१४ साली वारला.

या जीर्णोद्धाराची पहिली बैठक झाली तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून विचारले, "मागचे पैसे कुठं गेले ते आधी सांगा, मग नवे मागा." सगळे गप्प. मी घरी आलो, ट्रंक उघडली आणि माझे पावतीपुस्तक काढले. ते तेव्हापासून तेथेच होते. सतरा पावत्या फाडलेल्या, त्यांच्या स्थळप्रती शाबूत, तेहेतीस कोऱ्या. वर्गणी थांबली तेव्हा ते परत करावयास हवे होते, केले नाही. कुजबूज चालू असताना मी ते घेऊन पारावर जाऊ शकलो असतो. तेही केले नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या फेरफाराला पुरावा मागणाऱ्या माणसाच्या घरी हा पुरावा इतकी वर्षे पडून होता. याबद्दल मी त्या कुटुंबाची घरी जाऊन क्षमा मागितली. येथेही मागतो.

मग बाकीच्यांकडे शोध सुरू झाला. एकूण चार पुस्तके मिळाली. एक कपाटाच्या तळाला, एक पुण्यात नोकरी करणाऱ्याच्या जुन्या पेटीत, एक तर पोथीच्या कापडात बांधलेले. चारही पुस्तकांच्या स्थळप्रतींची बेरीज १८,६४० रुपये. खजिनदारांच्या मुलाने वडिलांच्या कागदांतून बँकेचे पासबुक काढून दिले. त्यात भरणा २१,३०० रुपये. म्हणजे मिळालेल्या चार पुस्तकांतील सगळी रक्कम आणि वर २,६६० रुपये. ते उरलेल्या दोन पुस्तकांचे असले पाहिजेत. चौथऱ्याच्या विटा, वाळू व गवंड्याच्या मजुरीसाठी १६,००० काढलेले. शिल्लक ५,३००. पन्नास हजारांचा आकडा पारावर कोणाच्या तोंडून निघाला ते आता कोणालाच आठवत नाही.

ती शिल्लक बँकेत पडून होती. दहा वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग करतात, परंतु खातेदाराचा हक्क बुडत नाही. खात्याचे दुसरे सहीदार हयात आहेत. अर्ज, ओळखीचे कागद आणि चार हेलपाटे झाल्यावर रक्कम व्याजासह मिळाली. ती या जीर्णोद्धाराच्या जमेत पहिल्या ओळीवर धरली आहे. सोबतच्या जमाखर्चाच्या पानावर आपणास दिसेल. ग्रामस्थांच्या सभेत हा जुना हिशेब ओळीने वाचून दाखविला, इतिवृत्तात घेतला. खजिनदारांच्या पत्नी त्या दिवशी सभामंडपात आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी पासबुक मागून घेतले आणि पदराखाली धरून नेले.

जीर्णोद्धाराच्या खर्चातून जी शिल्लक राहील तिचे काय करावे याविषयी मतभेद आहेत. काहींना कळस सोन्याच्या मुलाम्याचा हवा, काहींना मंगल कार्यालय. २०१५ साली मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने जलयुक्त शिवाराच्या कामासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक कोटी याप्रमाणे रक्कम दिली होती. आपली ऐपत तेवढी नाही. पण देवळाच्या विहिरीतील गाळ काढून काठ बांधून घ्यावा आणि पुढच्या टंचाईत गावाचा टँकर तेथेच उतरावा, असे माझे मत आहे. ते मी सभेत मांडले आहे, लेखी दिले आहे. निर्णय सभेचा.

एक विनंती राहिली. २००१ च्या पावतीपुस्तकांपैकी क्रमांक ३ व ५ ही दोन अद्याप मिळालेली नाहीत. ती ज्यांच्याकडे दिली होती त्यांपैकी एकजण हयात नाहीत, दुसऱ्यांचे घर पडून नवे झाले. जुन्या पेटीत, माळ्यावर, दिनदर्शिकांच्या गठ्ठ्यात कोणास सापडल्यास, फाटलेली असली तरी, समितीकडे अगर माझ्याकडे आणून द्यावीत. कोणाला काही विचारले जाणार नाही. त्यांतील बेरीज २,६६० येते का, एवढेच पाहावयाचे आहे.